निष्क्रिय खातं

वर्तमानपत्राचं आयुष्य ते केवढं! सकाळी चहाबरोबर ते ताजं असतं, दुपारी शेजारच्या काकू 'जरा बघू' म्हणून नेतात आणि महिनाअखेरीला ते किलोच्या भावानं जातं. त्यामुळे तीनशे वर्षांहून जुनं एक दैनिक अजून निघतं म्हटल्यावर मला आधी रद्दीच आठवली. केवढी झाली असेल!

हे दैनिक जर्मनीतल्या हिल्डेसहाइम गावचं. 'हिल्डेसहाइमर आल्गेमाइने'. जन्म १७०५ चा. पाळण्यातलं नाव 'रिलेशन्स-कुरियर'. ऐकायला वधूवरसूचक मंडळासारखं. पण तेव्हा तिकडे रिलेशन म्हणजे वृत्तांत. १८०७ साली, नेपोलियननं युरोपची झोप उडवलेली असताना, योहान डानिएल गेर्स्टेनबेर्ग या गृहस्थांनी ते घेतलं. अशा दिवसांत असल्या धंद्यासाठी कुणी आमच्याकडे कर्ज मागितलं असतं, तर साहेबांनी चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण गेर्स्टेनबेर्गांच्या पुढच्या पिढ्यांनीही ते चालवलं.

मग १९४३ उजाडलं. नाझी राजवटीत पेपर बंद पडला. २२ मार्च १९४५ ला बॉम्ब पडले, जुनं गाव जळून गेलं. शतकांतली सर्वांत मोठी बातमी खुद्द गावावर कोसळली आणि ती छापायला गावचा जुना पेपरच नव्हता!

कॅथेड्रलच्या भिंतीवरचा प्रसिद्ध गुलाबही त्या आगीत जळाला. पण मुळं जिवंत होती. काही आठवड्यांत ढिगाऱ्यातून कोंब वर आले. पेपरला मात्र १९४९ पर्यंत थांबावं लागलं. कारण उघड आहे. पेपर काढायला दोस्तांचं लायसन लागत होतं, गुलाबाला लागत नव्हतं. त्या वर्षी लायसनची अट गेली आणि पेपर पुन्हा निघाला.

आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. पूर्वी ते चालू करायचं तर सहसा खातेदारानं स्वतः यावं लागायचं. इथे सहा वर्षांनी खातेदार आले! पेपर मात्र आपलं वय १७०५ पासूनच मोजतो, मधली वर्षं वजा न करता. माझ्या बी.कॉम.ला हा हिशेब पटत नाही. पण १९४९ च्या त्या सकाळी ज्यानं चहा तसाच ठेवून दारातला पेपर उचलला असेल, त्याला मी वजाबाकी शिकवायला जाणार नाही.