पांढऱ्या रेघांची वाट

अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब नावाचे छोटे गाव आहे. गावालगतच्या वाळवंटी पठारावर सायकलस्वारांत जगभर प्रसिद्ध असलेली एक वाट आहे. तिचे नाव ‘स्लिकरॉक’, म्हणजे निसरडा खडक. हे नाव सायकलवाल्यांनी दिलेले नाही. घोड्यांचे लोखंडी नाल या खडकावरून घसरत, त्यावरून ते पडले. रबरी टायरला मात्र तो असा धरून ठेवतो, की नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्याची आठवण व्हावी.

सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचाच हा दगड झाला आहे, त्यामुळे त्याला टेकड्यांचेच उतार-चढाव आहेत. १९६९ साली मोटारसायकलींसाठी येथे वाट आखली गेली. डोंगरी सायकली मागाहून आल्या. वाट तरी कसली! उघड्या खडकावर रंगवलेल्या तुटक पांढऱ्या रेघा. फेरा साधारण १६ किलोमीटरचा, सावली नावापुरती आणि पिण्याचे पाणी कोठेही नाही.

माझी लेक नोकरीनिमित्त सॉल्ट लेक सिटीत राहते. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो असता तिने मला येथे आणले. सांगलीच्या हळदपेठेत माझी चाळीस वर्षे सायकलवर गेली, पण ती सपाट रस्त्यावरची. तिने आधी मला सरावाच्या लहान फेऱ्यावर घातले. चढ लागण्यापूर्वीच गिअर हलका करायचा, छाती हँडलकडे झुकवायची. उतारावर सीट खाली घेऊन अंग मागे न्यायचे आणि पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. “अण्णा, चाकाकडे पाहू नका, पुढच्या रेघेकडे पाहा,” असे ती पुन्हा पुन्हा सांगे. जिला सायकल शिकवताना मी मागून कॅरिअर धरून धावलो, तिचे हे शब्द ऐकताना मला अवघडल्यासारखे मुळीच वाटले नाही. तिची शिकवण्याची रीत माझ्यापेक्षा चांगली आहे.

खडकातल्या खळग्यांत पावसाचे पाणी साचते. त्यात कोळंबीच्या जातीचे इवलेसे जीव असतात. पाणी आटले तरी त्यांची अंडी वर्षानुवर्षे कोरडी टिकतात. आपल्या अंगावरील तेल-मलमही त्यांना घातक ठरते, म्हणून कोणी त्यात हात घालत नाही. पाणी गाळून पिणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे वेगळे समजावून द्यावे लागले नाही.

दोन तृतीयांश फेरा झाला आणि माझ्या पोटरीत गोळा आला. ऊन चढले होते, पाणी दोघांत मिळून एका बाटलीइतके उरले होते. दूरवर वाहनतळावरील गाड्यांच्या काचा चमकत होत्या. रेघा मोठा वळसा घेत होत्या. सरळ गेले असते तर मध्ये फक्त मातीचा एक पट्टा होता. त्यावर कोणाच्या तरी पावलांचे जुने ठसेही दिसत होते.

“तिथून नको, अण्णा,” ती म्हणाली.

त्या मातीवर काळसर, खडबडीत साय धरली होती. ती साय जिवंत असते. सूक्ष्म जीवाणूंचे धागे, दगडफूल आणि शेवाळ मिळून वाळूचे कण बांधून ठेवतात. वारा-पावसात माती टिकते ती त्यांच्यामुळे. एक पाऊल पडले तरी ती मोडते आणि पूर्ववत व्हायला अनेक दशके लागतात. समोरचे ठसे कधीचे होते, कोणास ठाऊक!

पोटरी ठणकत होती, लेकीच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीची काळजी स्पष्ट दिसत होती. तरीही तिने शब्द बदलला नाही. आम्ही सायकली हातात धरून रेघांवरूनच चालू लागलो. चढावर ती आधी स्वतःची सायकल वर नेऊन ठेवी, मग परत येऊन माझी नेई. पाणी घोट घोट मोजून घेतले. शेवटचा घोट तिने मला देऊ केला. मी तो अर्धा पिऊन बाटली तिच्या हाती दिली. वाहनतळावर पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागला.