टेकड्यांवरील पेठा

इटलीला जाणारे आपल्याकडील बहुतेक प्रवासी रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहून परततात. या प्रसिद्ध शहरांच्या अधेमधे, टस्कनी आणि उंब्रिया या प्रांतांत, डोंगरमाथ्यांवर वसलेली अनेक जुनी नगरे आहेत. दुरून त्यांची तटबंदी पाहिली की सह्याद्रीतील एखाद्या गडाची आठवण होते; वेशीतून आत शिरल्यावर मात्र ध्यानात येते की हा गड नव्हे, ही पेठ आहे. खोऱ्यांतील हिवताप आणि लुटारूंचे भय यांमुळे माणसे उंचावर राहिली, आणि उत्तर युरोपातून रोमकडे जाणारे यात्रामार्ग जवळून जात असल्यामुळे त्यांतील कित्येक नगरे संपन्न झाली. कापड, लोकर, केशर आणि सावकारी यांवर ती उभी राहिली. म्हणूनच व्यापारी घरातील वाचकाला ही नगरे राजवाड्यांच्या शहरांपेक्षा अधिक ओळखीची वाटतील.

मे महिन्याच्या अखेरीस थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयता, दोन्ही घरांची चार मुले आणि आई असे नऊ जण फ्लॉरेन्सहून भाड्याच्या गाडीने सहा दिवसांच्या या प्रवासाला निघालो. वडिलांनी उभारलेल्या पेढीच्या दोन पेढ्या करण्याचे ठरले होते. कागदपत्रे दिवाळीपूर्वी व्हायची होती. भांडण नव्हते. पण जेवताना विषय निघाला की मुले ताटावरून लवकर उठू लागली होती. वाटणीपूर्वी सर्वांनी एकदा एकत्र प्रवास करावा, ही आईची इच्छा होती.

पहिला मुक्काम सान जिमिन्यानो येथे होता. द्राक्षमळ्यांच्या चढणीवर दगडी मनोऱ्यांचा एक झुबका दिसू लागतो, तेच हे गाव. तेराव्या शतकात येथील धनवान घराण्यांनी आपापल्या वाड्यांशेजारी असे मनोरे बांधले. परंपरा सांगते की एकेकाळी ते ७२ होते. आज १४ उभे आहेत. आत जागा इतकी अरुंद की राहण्यासाठी त्यांचा उपयोग बेताचाच. संकटकाळी आसरा मिळे हे खरे, पण मुख्य हेतू शेजाऱ्याहून उंच दिसण्याचा होता. ही चढाओढ इतकी वाढली की १२५५ मध्ये नगरसभेला नियम करावा लागला: सभेच्या मनोऱ्याहून उंच मनोरा कोणीही खाजगी माणसाने बांधू नये. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे परिमाणव्रतच की! फक्त यांनी स्वतःहून घेतलेले नाही, वरून लादलेले." श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताचे मर्म तिने एका वाक्यात सांगितले. मर्यादा बाहेरून आली की तिला पळवाटा शोधल्या जातात. आतून आली तरच ती टिकते.

आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची ही येथील दोन मातब्बर घराणी. त्यांच्या वैराने गाव पोखरले. १३४८ च्या प्लेगने उरलेले बळ घेतले आणि १३५३ मध्ये गावाने आपले स्वातंत्र्य फ्लॉरेन्सच्या स्वाधीन केले. पुढे नवे बांधण्याइतका पैसाच न राहिल्याने जुने तसेच राहिले, आणि आज जगभरातून माणसे ते पाहायला येतात. चौकातील विहिरीच्या पायरीवर बसून आम्ही भावांनी ही हकिकत मुलांना सांगितली. तिच्यातून काय घ्यायचे ते कोणी बोलून दाखवले नाही.

सिएना तेथून सुमारे तासाभराच्या वाटेवर आहे. शिंपल्याच्या आकाराचा तिचा उतरता चौक, त्याच्या तळाशी नगरसभेची इमारत आणि तिच्यातील आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रे अवश्य पाहावीत. त्या काळी नगराचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे असे आणि त्यांत व्यापारी व सराफ यांचा भरणा होता. ज्या दालनात हे मंडळ बसे त्याच्या भिंतींवर एकीकडे सुराज्य, दुसरीकडे कुराज्य. सुराज्याच्या चित्रात राजा नाही, विजयाची मिरवणूक नाही. उघडी दुकाने आहेत, माल लादलेली जनावरे आहेत, वेशीबाहेर निर्धास्त चालणारे वाटसरू आणि पिकलेली शेते आहेत. रस्ता सुरक्षित आणि बाजार उघडा, ही त्यांची सुराज्याची कल्पना होती.

परंतु आमच्या घरच्यांना अधिक भावला तो सिएनाचा दप्तरखाना. नगराच्या खजिन्याला 'बिक्केर्ना' म्हणत. तेथील अधिकारी सहा महिन्यांसाठी नेमले जात आणि मुदत संपली की त्या काळातील हिशेबवहीच्या लाकडी पुठ्ठ्यावर चित्र काढवून घेत. १२५८ पासूनचे असे रंगवलेले पुठ्ठे येथे जपले आहेत. सर्वांत जुन्या चित्रात खजिनदार म्हणून बसलेला आहे एक मठवासी साधू. ज्याला स्वतःचा संचय करायचा नाही त्याच्या हाती सार्वजनिक पैसा सोपवावा, हा त्यामागचा व्यवहारी विचार. चोपडीला नमस्कार करून तिच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहिणाऱ्या आपल्या लोकांना हे पुठ्ठे परके वाटत नाहीत.

सिएनाच्या मुख्य चर्चसमोर सांता मारिया देल्ला स्काला हे जुने रुग्णालय आहे. आता तेथे संग्रहालय आहे. यात्रेकरूंना आसरा, आजाऱ्यांची शुश्रूषा, टाकून दिलेल्या बालकांचे संगोपन आणि अनाथ मुलींची लग्ने ही येथील कामे. श्रीमंतांनी दिलेल्या देणग्यांवर आणि जमिनींवर हे रुग्णालय अनेक शतके चालले. यात्रेकरूंच्या दालनात पंधराव्या शतकातील भित्तिचित्रांत ही सर्व कामे पाहायला मिळतात. त्याच परिसरात एक भलीमोठी अपुरी भिंतही उभी आहे. आपले चर्च अधिक विशाल व्हावे म्हणून सिएनाने १३३९ मध्ये नवा विस्तार आरंभला. १३४८ च्या प्लेगनंतर तो कायमचा थांबला. डोळे दिपवण्यासाठी काढलेले काम अर्धवट राहिले, सेवेचे काम मात्र विसाव्या शतकापर्यंत चालू होते.

या प्रांतात जैन आहार कितपत जमतो, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. थोडी माहिती घेऊन गेल्यास जमतो. मेअखेर तेथे सूर्य साडेआठनंतर मावळतो आणि उपाहारगृहे सात-साडेसातला उघडतात, त्यामुळे आईचे सूर्यास्तापूर्वीचे भोजन एकदाही चुकले नाही. हिवाळ्यात मात्र पाचच्या आतच सूर्यास्त होतो. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. सुका पास्ता सहसा केवळ गव्हाच्या रव्याचा असतो. सिएनाकडचा 'पिची' हा जाड शेवयांसारखा प्रकार मूळचा कणीक आणि पाण्याचा, तरीही अंड्याची चौकशी करावी. 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला', म्हणजे लसूण नको, कांदा नको, एवढे शब्द पाठ असावेत. 'न्योक्की' बटाट्याची असते. चीजबद्दल विशेष सावध राहावे: पार्मेझान वासराच्या जठरातील रेनेट घातल्याखेरीज होत नाही, आणि मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनोतही बहुधा प्राणिज रेनेट असते. वेष्टनावर 'काल्यो व्हेजेताले' लिहिलेले असेल तरच ते वनस्पतिज. बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल यांचे 'चेचिना' नावाचे भाजलेले धिरडे मिळाले की मुले सर्वाधिक खूश होत. उरलेली वेळ खाखरे आणि दशम्यांनी निभावली.

गाडी स्वतः चालवणाऱ्यांनी भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा. जुन्या नगरांच्या आत बाहेरच्या वाहनांना बंदी असते आणि वेशीवरचे कॅमेरे क्रमांक टिपतात. गाडी तटाबाहेर ठेवून पायी चढावे. निळ्या रेषांत पैसे भरून, पांढऱ्या रेषांत विनामूल्य गाडी लावता येते. पिवळ्या रेषा राखीव असतात.

सिएनाहून पूर्वेला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सानसेपोल्क्रो हे छोटे गाव आहे. ते टेकडीवर नाही, पर्यटकांची गर्दीही नाही. आम्ही वाट वाकडी केली ती लुका पाचोली येथे जन्मला म्हणून. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धती त्याने शोधली नाही; व्यापारी ती आधीपासून वापरत होते. तिचे पद्धतशीर विवरण त्याने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात केले आणि ती युरोपभर पोहोचली. कच्ची टिपणवही, रोजकीर्द आणि खातेवही अशी तीन पुस्तके ठेवावीत, प्रत्येकाच्या आरंभी ईश्वराचे नाव लिहावे, असे तो सांगतो. हा पाचोली फ्रान्सिस्कन पंथाचा साधू होता.

ज्या अंकांत त्याने हिशेब मांडले त्यांनाही आपल्या घराचा पत्ता आहे. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ मध्ये भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला तेव्हा इटलीत रोमन अंकांचे राज्य होते. फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने तर १२९९ मध्ये हिशेबवह्यांत हे नवे अंक वापरण्यास मनाई केली. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला होता आणि त्यात व्याजाची उदाहरणेही घातली होती. मुलांच्या पाठ्यपुस्तकात नसलेली ही गोष्ट पाचोलीच्या गावात सांगताना वेगळेच समाधान वाटले.

पेरुजा नगरात वाहनतळापासून सरकते जिने जमिनीखालच्या जुन्या गल्ल्यांतून वर नेतात. तेथील सराफ संघाचे दालन पेरुजिनो या चित्रकाराने रंगवले आहे. न्याय, विवेक, संयम अशा सद्गुणांच्या मूर्तींखाली बसून सराफ नाणी पारखत. याच नगरात १४६२ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणावर अल्प दराने कर्ज देणारी संस्था निघाली. अशा संस्था पुढे इटलीभर पसरल्या. पेरुजाच्या पायऱ्यांवर बसून थोरल्या बंधूंनी पहिल्यांदा मुलांसमोर वाटणीचा विषय काढला. वडिलांच्या काळापासून आमच्या वहीत धर्मादाय खाते आहे. त्याचे काय करायचे, हे कागदपत्रांत कोणीच लिहिले नव्हते. ते दोन्ही पेढ्यांनी मिळून एकच ठेवावे, नफ्यातील ठरलेला भाग दोघांनी त्यात घालावा आणि त्याची वही मोठ्या पुतणीने लिहावी, असे ठरले. ती लगेच म्हणाली, "मग दर सहा महिन्यांनी सर्वांनी बसून तपासायची."

शेवटचा मुक्काम असिसी. फ्रान्सिस हा येथील कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा, पिएत्रो दी बेर्नार्दोने याचा मुलगा. एका मोडक्या देवळाच्या दुरुस्तीसाठी त्याने वडिलांच्या दुकानातील कापड विकले. वडिलांनी त्याला बिशपसमोर उभे केले, तेव्हा त्याने पैसे परत दिले आणि अंगावरची वस्त्रेही उतरवून त्यांच्या स्वाधीन केली. मोठ्या चर्चमधील भित्तिचित्रांत हा प्रसंग आहे: एका बाजूला हातावर मुलाचे कपडे घेतलेले संतप्त वडील, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा मुलगा, आणि त्याला आपल्या वस्त्राने झाकणारा बिशप. हे चित्र पाहताना जैन माणसाला दीक्षेची आठवण होणारच. आपला मार्ग आणि तत्त्वज्ञान वेगळे आहे, साम्य फार ताणू नये. पण व्यापाऱ्याच्या घरातूनच अपरिग्रहाची हाक उठते, हे आपल्या परंपरेने शतकानुशतके पाहिले आहे. आई त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. तिचे लक्ष मात्र वडिलांकडे होते. "त्यालाही समजून घ्यायला हवे," ती म्हणाली, "त्याने दुकान मुलासाठीच उभारले होते."

असिसीच्या पायथ्याला सपाटीवर एक विशाल चर्च आहे आणि त्याच्या पोटात पोर्झिउंकोला नावाचे दगडी, खोलीएवढे लहान देऊळ. फ्रान्सिस आणि त्याचे सोबती येथे राहत. १२२६ मध्ये त्याचा देहान्त याच्या शेजारीच झाला. वरच्या घुमटाकडे पाहून लोक थबकतात, पण आत जाताना सर्वांचे पाय वळतात ते त्या छोट्या दाराकडे. त्या दारातून एका वेळी मोजकीच माणसे आत जाऊ शकतात, म्हणून रांग लागते आणि कोणी घाई करत नाही.