जुनेच दुखणे

भिवंडीचे प्रवासवर्णन कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही. नाशिकला निघालेला मुंबईकर आमच्या गावावरून जातो तो कंटेनरच्या रांगेत अडकल्याबद्दल बोटे मोडीतच. त्याला वाटते, येथे यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांचे पत्रे यांखेरीज आहे काय? सतरा वर्षे येथल्या महाविद्यालयात मराठी शिकवून मी एवढेच म्हणेन, की परदेशप्रवासाचे व्यवहारज्ञान हवे असेल, तर सहल-कंपन्यांच्या गारेगार कचेऱ्या सोडून तीनबत्तीच्या बाजारात एक फेरी मारावी. कापडाच्या ठाणांशेजारी विमानाची तिकिटे, उमऱ्याची सहल, पासपोर्टचे फोटो असे फलक लटकत असतात. येथल्या कितीतरी कोकणी मुसलमान घरांतला एखादा मुलगा आखातात नोकरीला असतो, आणि दुबई-मस्कतच्या दवाखान्यांची खबर त्या घरातल्या म्हातारीला पाठ असते.

आमच्या शेजारच्या चाची त्यांतल्याच. यजमानांनी दुबईत वीस वर्षे काढली, आता मुलगा तेथे आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत मी आईला घेऊन बहिणीकडे न्यू जर्सीला निघालो, तेव्हा चाची आमच्या बॅगांची तपासणी करायला आल्या. आईच्या औषधांची यादी मी मोठ्या झोकात टाइप करून ठेवली होती.

"सर, नुसतं गोळीचं नाव नको. गोळीत काय आहे ते लिहा," चाची म्हणाल्या.

बरोबरच होते. औषधाचे व्यापारी नाव आपल्या वेशीपर्यंतच चालते. आपण तापावर घेतो ते पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने ओळखतात. मग मधुमेहाच्या गोळ्यांची काय कथा! यादी पुन्हा लिहिली. तेवढ्यात चाचींची नजर अनारशांच्या डब्याकडे गेली. दिवाळी नव्हती, पण लेकीला आवडतात म्हणून आईने मुद्दाम केले होते. "विमान दुबईवरून ना? मग हे इथेच ठेवा." अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस बाळगणे हा गुन्हा आहे; अफूच्या बोंडातलीच ती. फराळाची पार्सले आखातात धाडणाऱ्या भगिनींनी हे जरूर ध्यानात ठेवावे. अनारसे चाचींच्या घरी गेले. त्या सल्ल्यात त्यांचा काही स्वार्थ होता, असे मी म्हणणार नाही.

विम्याची पोथी मात्र मलाच वाचावी लागली. परदेशात आजारी पडणाऱ्या भारतीयांसाठी अशी पॉलिसी आपल्या सरकारी विमा कंपन्यांनी १९८४ साली काढली. आखातात मोलमजुरीला जाणाऱ्यांसाठी २००३ पासून प्रवासी भारतीय विमा योजना आहे: दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, वर कर; अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख. हे आकडे चाचींनाही तोंडपाठ. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा किमान ३०,००० युरोंच्या विम्याखेरीज मिळत नाही. अमेरिका पाहुण्याकडे विमा मागत नाही, आणि खर्चाने छाती दडपते ती तेथेच! आई अडुसष्ट वर्षांची, त्यात मधुमेह. पोथीत एक कलम ठळक होते: पूर्वीपासूनचा आजार भरपाईस पात्र नाही.

बहिणीच्या घरापासून रोझेल हे गाव अर्ध्या तासावर आहे. पलीकडच्या कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ साली तेथे कार्पेंटरबाईंच्या घरी उतरली. तिचा विमा म्हणजे ती बाई आणि तिचे घर. १८८६ साली ती फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली, क्षय घेऊन परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात गेली. ते गाव पाहायला आम्ही एका रविवारी जाणार होतो.

शनिवारी मध्यरात्री आईच्या पोटात दुखू लागले. घामाने ती निथळत होती. बहिणीने ९११ फिरवला, रुग्णवाहिका आली. तातडीच्या विभागात पैशाचे कोणी प्रथम विचारले नाही. जीव धोक्यात असलेल्या रोग्याला आधी तपासून सावरले पाहिजे, असा तेथे १९८६ पासून कायदा आहे. बिल मागाहून येते, आणि एक येत नाही: इस्पितळाचे निराळे, शल्यविशारदाचे निराळे, भूल देणाऱ्याचे निराळे.

आईला इंग्रजी येत नाही. मी दुभाषा व्हायला पुढे सरसावलो, तर परिचारिकेने मला हाताने थांबवले आणि फोनवर एक मराठी दुभाषी बाई जोडून दिली. घरच्या माणसावर विसंबायचे नाही, असा त्यांचा शिरस्ता. "कळ येते, की ठणका आहे?" बाईंनी विचारले. प्रश्न फार उत्तम होता. आई म्हणाली, "कळच. पण एवढं काही नाही हो, माझं जुनंच दुखणं आहे हे."

झाले! पित्ताशयात खडे निघाले, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, आई सुखरूप घरी आली. पण इस्पितळाच्या टिपणात 'बऱ्याच काळापासूनची पोटदुखी' हे शब्द जाऊन बसले. मदतकेंद्राला आम्ही त्याच रात्री कळवले होते. तरी भिवंडीला परतल्यावर कंपनीचे पत्र आले, की आजार पूर्वीचा दिसतो, सबब खुलासा करावा. सगळ्या बिलांची बेरीज रुपयांत मांडली, तर आमच्या गावात एक खोली आली असती.

मी आईला सरळ विचारले, "आधी दुखत होतं का?"

"कधीच नाही."

"मग जुनं का म्हणालीस?"

ती जरा वेळ गप्प राहिली. "जुनं म्हटलं, की माणसं उठून धावत नाहीत. रात्रीचे दोन वाजले होते रे."

आमच्या डॉक्टरांनी प्रवासाआधी आठ महिने काही अन्य कारणाने आईच्या पोटाची सोनोग्राफी करवली होती. त्यात पित्ताशय स्वच्छ होते. त्यांनी तसे पत्र दिले, अहवाल जोडला. मीही 'जुनेच दुखणे' या शब्दप्रयोगावर दीड पानाचे टिपण लिहिले: मराठी घरातली बाई हे शब्द आजाराचे वय सांगायला वापरत नाही, समोरच्याचा जीव टांगू नये म्हणून वापरते. माझ्या एम.ए.चा इतका रोख उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. अर्थात काम झाले ते सोनोग्राफीने, हे मला ठाऊक आहे.

नोव्हेंबरात दावा मंजूर झाला. पहिले शंभर डॉलर ठरल्याप्रमाणे आमचे. रुग्णवाहिकेचे बिल डिसेंबरात उगवले, तेही पाठवले आणि तेही मिळाले. रोझेल पाहायचे राहिले. आई म्हणते, पुढच्या खेपेस पाहू, आणि विम्याच्या कागदावर वय लिहायचे तेव्हा मला नीट विचार.