माळावरचा मुक्काम

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. एक कारण अर्थातच आळस. दुसरं कारण एक एक्सेल शीट. दोन महिने माझे वीकांत त्या शीटमध्ये गेले आणि शेवटी त्यातल्या निम्म्या ओळी मीच पुसल्या. त्याची ही गोष्ट.

तर झालं असं, की आमच्या हापिसातला एक मित्र जूनमध्ये कॅनडाला चाललाय. कायमचा. सात वर्षं आम्ही तिघं म्हणतोय, एकदा वाळवंटात बाईक घालायची, रस्ता सोडून जायचं आणि उघड्यावर मुक्काम करायचा. जैसलमेर, कच्छचं रण, सगळं बोलून झालं. दर वेळी काहीतरी निघालं. कधी रिलीज, कधी लग्न, कधी बाळंतपण, मग करोना, मग परत रिलीज. यंदा त्याच्याकडे सलग तीनच दिवस होते. तीन दिवसांत पुण्याहून जैसलमेर म्हणजे शिवाशिवीचा खेळ झाला. शेवटी मीच म्हणालो, इंदापूरकडे चला. माझं आजोळ तिकडचं.

दोघंही हसले. "बारामती-इंदापूर? तिथं ऊस असतो ना रे?"

त्यांचा दोष नाही. बारामती म्हटलं की लोकांना कालवा, साखर कारखाना आणि राजकारण एवढंच आठवतं. पण कालव्याचं पाणी पोचत नाही तो भाग जिरायती आहे. सह्याद्रीनं ढग तिकडेच अडवून घेतले की आमच्या वाट्याला उरतो वारा. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. मोरगावहून पुढे सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ सालचं, आणि क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या जेमतेम वर. पुढे शिर्सुफळचा माळ, मग इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा. मुरमाड जमीन, गुडघ्याएवढं गवत, अधूनमधून बाभूळ आणि नशीब असेल तर चिंकारा. मार्चमध्ये गवत वाळून असं पिवळंधमक होतं की फोटो दाखवल्यावर हसणारे गप्प झाले. कॅनडावाला म्हणाला, "हे अडीच तासांवर आहे आणि तू सात वर्षं सांगितलं नाहीस?"

सांगितलं नव्हतं खरं. लहानपणापासून त्या भागाला 'पडीक' म्हणतानाच ऐकलेलं. मामांच्या सातबाऱ्यावर माळाकडच्या तुकड्यापुढे 'पोटखराबा' लिहिलंय. असली जागा मित्रांना कौतुकानं दाखवायची असते हे डोक्यातच आलं नव्हतं.

असो. शीट उघडली. गाड्या तीन. माझी हिमालयन (४११ सीसी, वजन दोनशे किलोच्या घरात, मुरमात आडवी झाली की उचलताना पूर्वज आठवतात), एक एक्सपल्स आणि एक जुनी स्प्लेंडर. स्प्लेंडरवाल्याला आम्ही खूप चिडवलं. पण खरं सांगतो मंडळी, त्या भागात कुठल्याही बांधावरून, दुधाची दोन किटल्या लावून, चपला घालून जी गाडी आरामात जाते ती स्प्लेंडरच. ऑफरोडिंग वगैरे शब्द आपल्यासाठी. तिथल्या लोकांसाठी तो डेअरीचा रस्ता.

पेट्रोलची चिंता नव्हती, भिगवण आणि इंदापूरला पंपच पंप. पाण्याची होती. माणशी दिवसाला पाच लिटर, शिवाय राखीव. सगळ्यात मोठा रकाना काट्यांचा होता. वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये सरळ घुसतो. माझ्या गाडीला ट्यूबचे टायर, म्हणजे चाक काढा, टायर उचका, ट्यूब बाहेर, ठिगळ, परत आत. एका चाकाला मला घरच्या पार्किंगमध्ये पन्नास मिनिटं लागली. सोसायटीतली पोरं आजूबाजूला उभी राहून आपसात पैज लावत होती. सराटे टायरला फारसं काही करत नाहीत, पण तंबूच्या तळाची चाळण करतात, म्हणून खाली घालायला जाड ताडपत्री. कुसळं पायमोज्यात गेली की पायमोजे टाकूनच द्यायचे, म्हणून ते जास्तीचे. हे सगळं भरताना जी मजा आली ती हापिसातल्या कुठल्याही प्लॅनिंगमध्ये आलेली नाही.

मुक्कामाची जागा मी उपग्रहाच्या नकाशावर निवडली. सगळ्यात जवळचं घर दीड किलोमीटरवर, वीज नाही, शेत नाही, नुसता फिकट तपकिरी रंग. शीटमध्ये त्या जागेपुढे लिहिलं, 'पूर्ण रिकामी'.

मार्चच्या मधल्या एका शनिवारी एकटाच जागा बघायला गेलो. डांबरी सोडली, बैलगाडीची वाट धरली, मग तीही सोडून गवतात घुसलो. पाच-सात मिनिटं स्वर्ग! दोन्ही पाय फूटरेस्टवर, गाडी नाचतेय, मागे धुरळा. वाटेत एक सिमेंटचा खांब दिसला. तो वनखात्याच्या हद्दीचा, हे मला माहीत नव्हतं असं लिहिणार होतो, पण माहीत होतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. पुढे शंभर मीटरवर मागचं चाक बसलं. काटा.

चाक काढत बसलो तर एक मेंढपाळ आले. पन्नाशीचे, खांद्यावर घोंगडी. दिवाळीनंतर त्या भागातले बरेच वाडे कोकणाकडे उतरतात. हे यंदा मुलीच्या लग्नामुळे मागे राहिले होते. त्यांनी काही न विचारता टायर दाबून धरला. मग म्हणाले, "पाव्हणं, हितनं गाडी कुठं निगाली?"

मी सगळा प्लॅन सांगितला. तंबू, चूल, चांदणं वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. परवा रात्री लांडग्यानं त्यांचं कोकरू नेलं होतं. वाघराच्या जाळीखालून. हे सांगताना आवाजात राग नव्हता, हिशोब होता. म्हणाले, "त्याची पिल्ली हायती कुठंतरी त्या वघळीकडं. रातच्याला तुमी लायटी लावून फटफटी फिरीवणार, मग त्यो हिकडनं उठून आमच्या वाड्याकडंच येनार की." लांडग्याची पिल्लं थंडीत होतात आणि मार्चमध्ये बिळापासून फार लांब जात नाहीत, हे मी नंतर वाचलं. त्यांना वाचायची गरज नव्हती.

डोक्यावर मघापासून टिटवी ओरडत होती. ते उठले, माझ्या टायरच्या खुणेवरून चालत मागे गेले आणि मला हाक मारली. जमिनीवर चार अंडी. मातकट, काळे ठिपके, खड्यांमध्ये खडे. घरटं म्हणजे नुसता वाटीभर खळगा. माझ्या चाकाची खूण त्यापासून वीतभर अंतरावरून गेली होती. मी वळण घेताना गाडी थोडी घसरली होती ना, तिथेच. वाचली ती त्या घसरण्यामुळे. माझ्या बघण्यामुळे नाही, कारण मी बघतच नव्हतो.

"चार हायती. चार म्हैनं पाऊस," ते म्हणाले. नांगरट करताना टिटवीची अंडी दिसली तर तेवढी जागा सोडून पुढे जातात, हे मी आजोळी लहानपणी पाहिलेलं होतं. मामांनीच बैल वळवला होता. मी मात्र विसरलो होतो.

गाडी हातानं ढकलत, आलो त्याच खुणेवरून बैलगाडीच्या वाटेपर्यंत आणली. दोनशे किलो, गवतातून, मार्चच्या उन्हात. पूर्वज भरपूर आठवले.

घरी आल्यावर जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही, तो १९७२ चा वन्यजीव कायदा. राखीव वनात घुसणं आणि विस्तव पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा. वाळलेल्या गवतात चूल पेटवायची माझी कल्पना तर कायदा बाजूला ठेवला तरी अडाणीपणाचीच. आणि जमिनीवर घरटं करणारी टिटवी एकटी नाही. धाविक, चंडोल, पखुर्डी सगळ्यांचं तेच. झाडच नाही तर बिचाऱ्यांनी करायचं काय?

फोनवर सांगितलं तेव्हा कॅनडावाला चिडला. "सात वर्षांनी एक ट्रिप ठरली आणि तू अंड्यांमुळे रद्द करतोस?" म्हटलं, रद्द नाही, बदलतोय. "एकदाच तर जायचंय, एका रात्रीनं काय होतं?" यावर माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. टायरच्या खुणेचा फोटो पाठवला. अंडी एका कडेला, खूण दुसऱ्या. दोन दिवस त्याचा मेसेज नाही. जूनमध्ये जाणाऱ्या माणसाचे दोन दिवस म्हणजे बरेच होतात.

तिसऱ्या दिवशी आला. "बरं. नवीन शीट पाठव."

नवीन शीट अशी. गाड्या वाटेवरच चालवायच्या. बैलगाडीची वाट, कालव्याचा भराव, उजनीच्या फुगवट्याकडे जाणारे कच्चे रस्ते. ऑफरोडची हौस भागायला तेवढे खड्डे पुरेत. माळ बघायचा तो कडबनवाडीला. पुणे वनविभागानं २०२४ मध्ये तिथे आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. आधी ऑनलाइन नोंदणी करायची आणि गावातलाच मार्गदर्शक नेईल त्या ठरलेल्या वाटेनं जायचं. दुसऱ्या दिवशी कुंभारगावला होडीतून पक्षी. रोहित अजून असतील तर ठीक, नसतील तर होडी तरी आहे. आणि मुक्काम मामांच्या पोटखराब्यात. माळाला लागूनच आहे, आणि खाली काय आहे ते मामा दिवसाउजेडी चालून बघणार आहेत.

मामांना फोन केला तर पहिला प्रश्न, "तंबू कशापायी? घरात जागा न्हाय व्हय?" बराच वेळ समजावलं. मग मामींनी फोन घेतला. किती जणं येणार, बाजरीची भाकरी सगळ्यांना चालते का, आणि त्या कॅनडाच्या पोराला तिखट कमी करायचं का. शीटमध्ये यातला एकही रकाना नव्हता.

काल रात्री कॅनडावाल्यानं विचारलं, मग तंबू आणू का नको?

आण म्हटलं. मामांना बघायचाय.