छाटीचा रकाना

निपाणीतल्या एका गल्लीत, ओसरीवर बसून माझी एक विद्यार्थिनी प्रश्नावली भरून घेत होती. एम.ए.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प. विषय, विडी कामगार स्त्रियांची कमाई. समोरच्या मावशींच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. बोलताना त्यांचे हात थांबत नव्हते. पान, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याचे फेरे, तोंड मुडपलं की विडी झाली. दिवसाला किती? हजार. हजारी मजुरी किती? मावशींनी आकडा सांगितला, पोरीनं लिहून घेतला, महिन्याचा गुणाकार केला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘‘अन् छाटीचं कुठं लिवलंस?’’

कागदावर तसा रकानाच नव्हता. ती प्रश्नावली मी स्वतः तपासून दिली होती.

वळलेल्या विड्या मोजून द्यायला नेल्या की त्यातल्या काही ‘बरोबर नाहीत’ म्हणून बाजूला काढतात, त्यांची मजुरी कापली जाते. तीच छाट. हा शब्द विडीच्या धंद्यापुरताच राहिलेला नाही, तो कायद्याच्या भाषेतही आहे. विडी आणि सिगार कामगारांचा केंद्रीय कायदा १९६६ चा. त्याखाली महाराष्ट्रानं आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं, म्हणजे आजच्या कर्नाटकानं, जे नियम केले, त्यांत एरवी शेकडा पाचाहून जास्त छाट काढू नये, असं दोन्हीकडे सारखंच लिहिलं होतं. मावशींना टक्केवारीशी देणंघेणं नव्हतं. हजार वळल्या आणि नऊशेचे पैसे मिळाले, तर उरलेल्या शंभर विड्यांचं काम कुणी केलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आमच्या गुणाकारात ते शंभर सुखेनैव पगार झाले होते.

मी उपयोजित अर्थशास्त्र शिकवते. पहिल्या सत्रात मुलं मागणीचे वक्र काढतात, मग संख्याशास्त्र, मग संगणकावर समीकरणं. ते सगळं यायलाच हवं, त्यात मी कुणालाही सवलत देत नाही. पण या पदवीचा खरा कस लागतो तो रकाना आखताना. जो रकाना आखलाच नाही, त्यातली माहिती पुढचं कुठलंही समीकरण शोधून देत नाही.

आमच्या भागातल्या मुलांना आणखी एक गोष्ट आयती मिळाली आहे. ती म्हणजे सीमा. निपाणी कर्नाटकात, तर तिला खेटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. गावातली पोरं रोज राज्य ओलांडून वर्गात बसतात. माती तीच, बोली तीच, सोयरीक दोन्हीकडची. १ नोव्हेंबर १९५६ पासून सरकारं मात्र वेगळी. इकडे जमिनीची पहाणी कानडीत, तिकडे सातबारा मराठीत. बोलण्यातले एकर-गुंठे दोन्हीकडे तेच. शेतीपंपाला दहा अश्वशक्तीपर्यंत वीज कर्नाटकानं २००८ मध्ये मोफत केली, महाराष्ट्रानं साडेसातपर्यंत २०२४ मध्ये. बायकांना २०२३ पासून तिकडे एसटीत अर्धं तिकीट, इकडे सरकारी साध्या बसला तिकीटच नाही.

अर्थतज्ज्ञ अशा जागा शोधत फिरतात. अमेरिकेत न्यू जर्सीनं १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं; शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची ४१० खाद्यगृहं वाढीच्या आधी आणि नंतर पाहिली. वेतन वाढलं म्हणून नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. १९९४ च्या त्या निबंधानं मोठा वाद उठला, आणि २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळालं.

माझ्या वर्गाला हे ऐकून उत्साह येतो. कागल आणि निपाणी, झालं प्रबंधाचं काम! त्या विद्यार्थिनीनंही आधी तेच ठरवलं होतं. पण चार घरं फिरल्यावर तिच्या लक्षात आलं की पानतंबाखू देणारा माणूस हद्द पाहत नाही. मजुरी जिकडे कमी, तिकडे तो पानं टाकतो. मग दोन बाजूंची तुलना करायची कशी? एकीकडचा बदल दुसरीकडे झिरपलेलाच असतो. हे तिला पुस्तकातून कळलं नाही. एकाच घरातल्या दोन जावांची माहेरं हद्दीच्या दोन बाजूंना होती, त्यांच्या बोलण्यातून कळलं.

निपाणीला मी अर्थशास्त्राचं गाव मानते, आणि ते निव्वळ तंबाखूच्या वखारींमुळे नव्हे. एप्रिल १९२५ मध्ये इथे मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्यांच्याकडे तेव्हा कोलंबियाची १९१५ ची एम.ए. होती आणि लंडनची १९२३ ची डी.एस्सी. भारतातल्या लहान धारणांवरचा त्यांचा १९१८ चा निबंध मी दरवर्षी वाचायला लावते. जमीन किती एकर यावरून शेती किफायतशीर ठरत नाही, तिच्यावर भांडवल किती आणि हात किती हे पाहा, आणि शेतावर रिकामे असलेले हात मोजा, असं ते सांगतात. म्हणजे प्रश्न रकान्याचाच.

१९८१ मध्ये इथेच शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. मार्चच्या मध्यापासून चाललेलं ते आंदोलन ६ एप्रिलला मोडलं गेलं. गोळीबारात बारा शेतकरी गेले. त्यांचं म्हणणं होतं की भाव ठरवताना उत्पादन खर्च धरा. त्या खर्चात घरच्या माणसांची मजुरी येते. तीही कुणी कुणाला देत नाही, म्हणून लिहायची राहते. छाया दातारांनी इथल्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवर लिहिलेलं पुस्तक १९८९ चं. एकाच पिकाच्या या दोन कहाण्या, शेतातली आणि वखारीतली, वर्गात एकत्र वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही.

विद्यार्थिनीनं प्रश्नावली नव्यानं आखली. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असे अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे होते आणि एका कप्प्यात तीन कामंही लिहिता येत होती. ती पद्धत तिनं उचलली, कारण मावशी विडी वळता वळता भाताकडे बघतात आणि नातवाला झोका देतात. मजुरीच्या पुढे तिनं तीन रकाने घातले: दिलेल्या विड्या, छाट, आणि छाटलेल्या विड्या परत हातात मिळाल्या का.

पुन्हा त्याच ओसरीवर गेली तेव्हा मी सोबत होते. मावशींनी कागद हातात घेतला. वाचता येत नसल्यानं त्यांनी तिला बोट ठेवून दाखवायला लावलं, कुठला रकाना छाटीचा. मग सूप बाजूला सरकवलं, आत जाऊन हिशेबाची वही आणली आणि नातीला हाक मारली, ‘‘ये गं, वाचून दाव हिला.’’