युरियाची गोणी उघडण्याआधी

जूनमध्ये कुंभकोणमला गेले, तेव्हा मावसबहिणीच्या सासऱ्यांची, अप्पांची, कुरुवई हंगामाची भाताची रोपवाटिका पिवळी पडली होती. मेट्टूर धरणाचं पाणी कालव्याला यायचं होतं. तोवर सगळी भिस्त बोअरवर. शेजारचे शेतकरी सांगत होते, युरिया फेका, चार दिवसांत हिरवं होईल.

आमच्या माणगावातही आवण (भाताची रोपं) पिवळं दिसलं की युरियाच टाकतात. अप्पांनी मात्र एक रोप उपटलं, मुळं धुतली आणि मला पानं बघायला सांगितली. नत्र कमी पडलं की जुनी, खालची पानं शेंड्याकडून सरसकट पिवळी होतात. इथे नवं पान बुडाशी, मधल्या शिरेलगत फिकट होतं आणि खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके होते. म्हणजे जस्ताची कमतरता. हिचंच नाव खैरा. हा रोग जस्ताच्या अभावामुळे होतो, हे पंतनगरला डॉ. यशवंत नेने यांनी १९६६ च्या सुमारास दाखवून दिलं. जस्त जमिनीत असतंही, पण विम्लधर्मी जमिनीत पाणी सतत साचून राहिलं की ते मुळांना मिळत नाही. युरियाने हे दुखणं बरं होत नाही.

अप्पांनी वाफ्यातलं पाणी काढून टाकलं. लिटरभर पाण्याला पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरवलेला चुना, अशा मापाने निवळी गाळून फवारली. आठवड्याभरात नवी पानं हिरवी निघाली.

लावणीच्या दिवशी बांधाजवळ खड्डा करून त्यात प्लास्टिक अंथरलं होतं. बायका मुठी बांधून आणत आणि अझोस्पिरिलम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू कालवलेल्या काळपट पाण्यात मुळं अर्धा तास बुडवून ठेवत. अझोस्पिरिलम मुळांशी राहून हवेतलं थोडं नत्र धरतं, मुळंही वाढवतं. भुकेल्या जमिनीत जाणाऱ्या रोपाला ही शिदोरी मला फार मोलाची वाटते. तिथे भातसंशोधनाचं आडुतुरै केंद्र जवळच असल्याने असे उपाय शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडले आहेत.

आपल्याकडे काही कमी आहे असं नाही. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवड पद्धतीत गादीवाफ्याच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी, अर्धवट जळालेली तुसाची राख मातीत मिसळतात. तिच्यातल्या सिलिकाने आवण कणखर होतं, पालाशही मिळतो, आणि रोपं मुळं न तुटता सुटतात. तरीही कोकणात अनेक ठिकाणी शेण आणि फांद्या जाळून राब भाजणं चालूच आहे. गिरणीवर तूस पडून असताना रानाच्या फांद्या तोडून जाळायच्या, हे मला पटत नाही.

यंदा आवण पिवळं दिसलं, तर गोणी उघडण्याआधी एक रोप उपटा, धुवा आणि पिवळेपणा जुन्या पानावर आहे की नव्या, एवढं नक्की बघा.