नावात चहा, पेल्यात मद्य

आम्हा सिन्नरकरांना पाच या संख्येचे कौतुक नवे नाही. गोंदेश्वराचे आमचे मंदिर शैव पंचायतन आहे. मध्यभागी महादेव आणि भोवती सूर्य, विष्णू, पार्वती व गणपती यांची चार लहान देवळे. घरी पंचामृत करतो तेव्हा दूध, दही, तूप, मध आणि साखर यांतील प्रत्येक वस्तू डोळ्यांसमोर वाटीत पडते. याच ‘पाच’वरून साहेबांच्या एका मद्यमिश्रित पेयाला ‘पंच’ हे नाव मिळाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत जॉन फ्रायर नावाचे एक डॉक्टर होते. सुरत, मुंबई, जुन्नर असा त्यांचा या भागात संचार झाला. गोव्यातील नेरूळच्या उत्तम अर्काची त्यांनी नोंद केली आहे. त्या अर्कापासून इंग्रज लोक जे पेय करीत, त्याचे नाव पाच घटकांवरून पडल्याचे ते सांगतात. आणि वैद्याच्या नजरेने ते पेय शक्तिपात करणारे असल्याचेही नमूद करतात. अर्क, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला हे त्याचे सर्वसाधारण पाच घटक. म्हणजे पाचांपैकी मद्य एकच आणि नावातच मिश्रणाची कबुली.

आज समारंभांतून फिरणारे ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ हे पेय नेमके याच्या उलट आहे. नावात चहा आहे, परंतु पेल्यात चहाचा थेंबही नाही. व्होडका, जिन, पांढरी रम, टकीला आणि संत्र्याच्या सालीचा स्वाद असलेले ट्रिपल सेक अशी पाच मद्ये त्यात असतात. लिंबाचा रस आणि साखरेचा पाक यांनी त्यांचा उग्रपणा झाकला जातो आणि वरून ओतलेल्या कोलामुळे चहाचा रंग येतो. अमेरिकेतील लाँग आयलंड येथील ‘ओक बीच इन’मध्ये काम करणारे रॉबर्ट बट यांनी १९७२ साली आपण हे पेय तयार केल्याचे सांगितले. टेनेसी राज्यातील त्याच नावाच्या एका नदीबेटावर, १९२०च्या दशकातील दारूबंदीच्या काळात, याचा पूर्वावतार जन्मला असाही एक दावा आहे.

रूढ प्रमाणानुसार पाचही मद्ये प्रत्येकी १५ मिलिलिटर घेतात. एकूण ७५ मिलिलिटर, म्हणजे ३० मिलिलिटरचे अडीच पेग. त्यातील शुद्ध अल्कोहोल सुमारे ३० मिलिलिटर भरते. ओतणाऱ्याचा हात सैल असेल तर त्याहूनही अधिक. आंबटगोड, थंडगार चवीमुळे पिणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही.

हा सारा तपशील मी शोधून काढला तो कुतूहलापोटी नव्हे. गतवर्षी नात्यातील एका साखरपुड्यासाठी आम्ही नाशिकजवळच्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. माझे यजमान ७६ वर्षांचे. मधुमेहाला अठरा वर्षे झाली. साखर उतरवणारी गोळी नियमाने चालू. आयुष्यात मद्याला स्पर्श केलेला नाही, पण चहाचे मात्र शौकीन. पुरुषांच्या घोळक्यात एक तरुण वाढपी तबक घेऊन आला आणि म्हणाला, “काका, आइस्ड टी घ्या.” यजमानांनी घेतला, आवडला म्हणून आणखी एक घेतला. जेवण मात्र जेमतेम चार घास झाले.

सिन्नरला परतताना ते गाडीत गाढ झोपले. घरी आल्यावर बोलणे अडखळत होते. बरोबर आलेला पुतण्या हसत म्हणाला, “काकू, काळजी करू नका. काकांना चढली आहे. झोपू द्या, सकाळी उतरेल.” त्याने तबकातील पेय ओळखले होते, त्यामुळे त्याचे निदान सर्वांना पटण्यासारखेच होते. पण आमच्या सूनबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. रात्र थंड असताना अंगरखा घामाने भिजला होता. त्यांनी ग्लुकोमीटर काढला. आकडा आला ४८.

यजमान शुद्धीवर होते, गिळू शकत होते. म्हणून लगेच साखरपाणी दिले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, आकडा थोडा वर आला होता. तरीही त्यांना रुग्णालयात नेले. तेथे डॉक्टरांनी त्यांना दिवसभर देखरेखीखाली ठेवले, कारण अशा गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते.

त्यांनी सांगितलेली कारणमीमांसा प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याने जाणून घ्यावी अशी आहे. दोन जेवणांच्या मध्ये रक्तातील साखर टिकवण्याचे काम यकृत करते. पोटात मद्य गेले की ते त्याचा निचरा करण्यात गुंतते आणि नवी साखर पुरवणे मंदावते. त्यात साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि जेवण झाले नसेल, तर काही तासांनी, बहुधा रात्री किंवा पहाटे, साखर धोकादायक पातळीला येते. पेयातील पाकाने ती आधी चढते खरी, पण तो आधार तात्पुरता असतो. घाम, थरथर, अडखळते बोलणे, गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात. घरचे ‘चढली’ म्हणून दिवा मालवतात आणि रुग्ण झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो.

वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे तरुणपणी सोसवलेले मद्य त्याच मापाने घेतले तरी ज्येष्ठांच्या रक्तात अधिक तीव्र ठरते. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ते घेतल्यास उठून उभे राहताना भोवळ येते आणि माकडहाड किंवा खुबा मोडण्याची वेळ येते. झोपेच्या गोळ्यांसोबत श्वास मंदावतो, तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही.

आमच्या घरी आता काही गोष्टी ठरल्या आहेत. समारंभात रंगीत पेय हाती आले की “यात काय आहे?” असे सरळ विचारायचे. यजमानही विचारतात, त्यात संकोच कसला? मधुमेही व्यक्तीचे वागणे बदलले तर प्रथम साखर तपासायची, तर्क नंतर. मीटर हाताशी नसेल आणि रुग्ण गिळू शकत असेल, तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही न देता कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. मद्य पोटात गेले असल्यास डॉक्टरांपासून लपवायचे नाही. अब्रूच्या भीतीने उपचाराची दिशा चुकते.

ज्या घरांत आजोबा अधूनमधून पेला घेतात, त्यांनी गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवून मोकळेपणाने विचारावे. पेल्यासाठी गोळी मनाने टाळू नये. आणि यजमानपण करणाऱ्यांना एक विनंती : मद्याची पेये वेगळ्या मेजावर ठेवा आणि वाढप्याला त्यांची खरी नावे सांगायला शिकवा. पाहुण्यांत कोणाचे तरी वडील असतात, आणि त्यांच्या खिशात गोळ्यांची पट्टी असते.